मेणवाल्यांच्या गल्लीतली वस्ती

आमच्या गल्लीत रोज न चुकता कोणी येत असेल तर तो घरांचा एजंट. येतो, दाराखालून चिठ्ठी सरकवतो आणि जातो. 'आपलं घर आम्ही रोख पैसे देऊन घेऊ.' चिठ्ठी गुळगुळीत, पांढरीशुभ्र. पूर्वी पोस्टमन यायचा तो थांबायचा, पेलाभर पाणी प्यायचा, शेजारच्या साल्विनाच्या नवऱ्याची चहाडी करायचा आणि मग जायचा. एजंट थांबत नाही. म्हातारी अजून आहे की गेली एवढंच त्याला बघायचं असतं, आणि ते बहुतेक दाराखालून कळतं.

मी त्या चिठ्ठ्या जपून ठेवते. संध्याकाळी गॅलरीत बसून कात्रीने त्यांचे बारीक तुकडे करते आणि पोत्यात भरते. मे महिन्यात आमच्या संताची, सान पांक्रातची, मूर्ती मिरवणुकीने गल्लीतून जाते तेव्हा गॅलऱ्यांतून कागद उधळायचा असतो. आमच्या पॅरिशचा, म्हणजे आमच्या चर्चच्या वस्तीचा, रंग लाल-पांढरा. लाल पतंगी कागद मी दुकानातून आणते, पांढरा एजंट पुरवतो. माझं घर गिळायला निघालेला माणूस दर वर्षी आमच्या संतावर पुष्पवृष्टी करतो, आणि बिचाऱ्याला पत्ताच नाही.

वाल्लेटा आमच्या बेटाची राजधानी, पण आम्ही तिला नुसतं 'शहर' म्हणतो. बाकीच्या बेटावर जे काही आहे ती गावं. पण आता शहरवाले सगळे गावात जाऊन राहिलेत आणि शहरात हॉटेलं राहिलीत. आमची मेणवाल्यांची गल्ली वरच्या रस्त्यापासून पायऱ्या पायऱ्यांनी थेट बंदरापर्यंत उतरते. या पायऱ्यांवर मी लहानपणी दोरी खेळले, माझ्या आईने भाजी निवडली. आता संध्याकाळी समोरचा बारवाला त्याच पायऱ्यांवर उशा मांडतो आणि परदेशी पाहुणे त्यावर बसून गाजराच्या रंगाची दारू पितात. घरातल्या खुर्च्या सोडून पायरीवर बसायला हे लोक विमानाने येतात. मी खाली उतरले की एखादी बाई पटकन फोटो काढते. मग फोटोत मी दिसले की नाही ते बघते आणि कधी कधी मला हाताने 'जरा बाजूला' म्हणते.

माझं नाव चेन्सा. घराणं कासवांचं. आमच्याकडे आडनावं इतकी थोडी की चर्चमध्ये एक हाक मारली तर अर्धे बाक उठून उभे राहतात. म्हणून प्रत्येक घराण्याला टोपणनाव. माझ्या पणज्याने एका जहाजावरून कासव आणलं आणि घराखालच्या विहिरीत सोडलं, म्हणून आम्ही कासवांचे. कासव गेलं, पणजा गेला, नाव राहिलं. आता ते नाव घेणारंही कोणी नाही. दवाखान्यात मला नंबरने बोलावतात. हॉटेलातली पोरगी 'मॅडम' म्हणते. माझा भाऊ ऑस्ट्रेलियाहून फोन करतो तो 'हॅलो, ऐकू येतंय का' म्हणतो, आणि ऐकू येतंय म्हटलं की त्याचं बोलणं संपतं.

फक्त सणाच्या संध्याकाळी, मूर्तीच्या मागून चालत आमची गेलेली सगळी गल्ली परत येते. माझ्या गॅलरीखाली आले की माना वर करतात आणि ओरडतात, "ए कासवांच्या! अजून आहेस?"

मी वरून ओरडते, "आहे!"

बस, एवढंच. मग ते पुढे जातात, कारण बस चुकते. पण मला ते वर्षभर पुरतं.

यंदा पाम संडेच्या आधी लिप्पू आला. लिप्पू म्हणजे बेडकांचा लिप्पू. त्याच्या आजीचा आवाज तसा होता. आता तो विम्याच्या कंपनीत मोठा साहेब आहे, सण-समितीचा सेक्रेटरी आहे, आणि कोणी 'बेडकांच्या' म्हटलं की इकडे तिकडे बघतो. लहानपणी आमच्याच गल्लीत वरच्या टोकाला राहायचा. माझ्या पायरीवर पडून त्याचा पुढचा दात गेला होता.

"मावशी," तो म्हणाला, "एक सांगायचं होतं. यंदा मूर्ती तुमच्या गल्लीत उतरणार नाही. पलीकडच्या रस्त्याने नेणार. तो सपाट आहे, आणि तिथलं हॉटेल दिव्यांचा खर्च देतंय."

"पण संत कायम इथूनच जातो."

"पायऱ्या आहेत ना. उतरताना सगळं वजन पुढच्यांवर येतं."

"तुझे बाबा पुढे असायचे. तेही गोदीतलं काम करून आल्यावर."

"बाबांची गोष्ट वेगळी. आताची मुलं जिममध्ये जातात."

"मग तर सोपं."

"जिममधलं वजन आरशासमोर उचलायचं असतं, मावशी. त्याला पायऱ्या नसतात." त्याने गल्लीवर नजर फिरवली. बंद गॅलऱ्या, बंद झडपा. आपल्या बापाच्या घरावरून मात्र नजर जरा भरभर फिरवली. "आणि खरं सांगू? गॅलरीत बघायला कोणी नाही तिथे संताला कशाला न्यायचं? माणसं असती तर गोष्ट वेगळी होती."

"माणसं आहेत की."

"कोण?"

खोटं बोलायचं माझ्या मनात नव्हतं. तोंडात होतं. "साल्विना परत आली. डोकेफोड्यांची."

"मोस्ताहून? तिथे तर लिफ्टवाला फ्लॅट आहे तिचा!"

"पार्किंग मिळत नाही म्हणाली."

लिप्पूला हे लगेच पटलं. आमच्या बेटावर पार्किंगचं नाव काढलं की माणूस काहीही मानतो.

"आणि त्या सुयांच्या जुळ्या बहिणी," मी पुढे रेटलं. "वृद्धाश्रमातून परत आल्या. तिथला पास्ता फार शिजलेला असतो."

लिप्पूने भुवया वर केल्या. "मी शनिवारी फादर आंजलूंना घेऊन येतो. ते नवीन आहेत, पलीकडच्या गोझो बेटावरचे. गल्ली त्यांना दाखवू, मग बघू."

तो गेला आणि मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. माणसं आहेत म्हणून सांगितलं होतं. आता ती शनिवारपर्यंत आणायची होती.

आमच्याकडे घर सोडून जाताना माणूस एक किल्ली शेजारणीकडे ठेवतो. पाइप फुटला तर म्हणून. एकेक जण गेला आणि सगळ्या किल्ल्या माझ्या दारामागच्या खिळ्यावर आल्या. साल्विनाची, सुयांच्या बहिणींची. लिप्पूच्या बापाचं घर तेवढं निराळं. तो वारल्यावर डझनावारी वारस निघाले, आणि प्रत्येकाने पुढच्या दाराला आपापलं कुलूप लावलं. आता ते दार कोणालाच उघडता येत नाही. अशी भांडणात कुजणारी घरं आमच्या शहरात हॉटेलांइतकीच आहेत. पण गच्चीच्या दाराला नुसती कडी, आणि ती बाहेरून. वकिलांच्या डोक्यात गच्ची आलीच नाही. आमच्या गच्च्या सगळ्या एकमेकींना चिकटलेल्या. मध्ये कमरेएवढी भिंत, आणि गल्ली चढती म्हणून प्रत्येक गच्ची आधीच्या गच्चीहून जरा उंच. मी दुधाचा एक प्लास्टिकचा क्रेट घेतला. तो ठेवायचा, त्यावर चढायचं, भिंतीवर बसायचं, पलीकडे उतरायचं. माझा उजवा गुडघा मधूनच अडकतो. अडकला की जिथे आहे तिथे राहायचं, तो सुटेपर्यंत.

शुक्रवारी मी तशीच एका भिंतीवर घोड्यावर बसल्यासारखी अडकले होते, तेव्हा मागून आवाज आला.

"काही लोकांना म्हातारपणी चोऱ्या सुचतात. काय रे टाकी?"

ही मांजरांची जुदिता. तिचं घर मागच्या गल्लीत, पण आमच्या गच्च्या पाठीला पाठ लावून आहेत. ती वरच्या पॅरिशची, निळ्यांची. आमच्या सणाच्या दिवशी एकदा तिने गच्चीवर गाद्या झोडपल्या आणि सगळी धूळ सान पांक्रातच्या नव्या झग्यावर पडली. तेव्हा आम्ही दोघी तरुण होतो. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही, तिच्या पाण्याच्या टाकीशी बोलते. मीही तिच्याशी बोलत नाही, भिंतीशी बोलते. बाकी रोज बोलतो.

"काही लोकांनी स्वतःच्या गच्चीवर बघावं," मी भिंतीला सांगितलं.

"टाकी, हिच्या हातात साल्विनाच्या नवऱ्याच्या, मस्सूच्या, लांब चड्ड्या आहेत बघ. मस्सू मेला त्याला किती वर्षं झाली! नवरा नसलेल्या बाईने मेलेल्याच्या चड्ड्या पळवाव्यात?"

"वाळत घालायच्या आहेत!"

"धुवायच्या आधी?"

मग भिंतीला सगळं सांगावंच लागलं. संत येणार नाही, पलीकडच्या रस्त्याने जाणार. जुदिता गप्प झाली. तिची टाकीही गप्प झाली. टाकीच्या शेजारी प्लास्टिकखाली झाकलेलं एक पोतं होतं, ते मी रोज बघायचे. त्यात निळा कागद होता. निळ्यांचा संत तिच्या गल्लीत यायचा बंद झाला त्याला मोजकीच वर्षं झालीत असं मला वाटायचं, पण प्लास्टिक उन्हाने पार पिवळं पडलं होतं.

"टाकी," ती अखेर म्हणाली, "चड्ड्या उलट्या टांगल्यात. कमरेकडून टांगायच्या असतात."

शनिवारी मी सगळं थाटलं. साल्विनाच्या गॅलरीत मस्सूच्या चड्ड्या. सुयांच्या बहिणींकडे दोन एकसारखे झगे. लिप्पूच्या बापाच्या घराला हात लावला नाही, ते दृष्टीआड ठीक होतं. प्रत्येक घरात जुना रेडिओ होता, तो लावला. जुने रेडिओ, काटा जिथे गंजला होता तिथेच अडकलेला, आणि सगळ्यांचा काटा एकाच ठिकाणी अडकला होता. धार्मिक स्टेशन. संध्याकाळ झाली आणि गल्लीभर रोझरी, जपमाळेची प्रार्थना, सुरू झाली. त्यात माझ्या रेडिओची बॅटरी संपत आलेली, म्हणून माझी 'नमो मारिया' जरा खर्जात.

मी सुयांच्या बहिणींच्या गच्चीवर होते तेव्हा खालून लिप्पूचा आवाज आला. सांगितलेल्या वेळेच्या आधीच आला होता. विम्याची माणसं अशीच.

"फादर, ऐकलंत? घराघरातून रोझरी!"

"आमच्या गोझोतसुद्धा आता असं नाही राहिलं," फादर म्हणाले. त्यांचा आवाज ओला झाला होता. गोझोचा माणूस शहरवाल्यांना काही चांगलं म्हणाला हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

लिप्पूने सुयांच्या बहिणींचं दार ठोठावलं. मी जिन्याच्या वरून, नाक दाबून ओरडले, "नहातेय!"

"बरं बरं, त्रास नको," लिप्पू म्हणाला आणि साल्विनाच्या दाराकडे वळला.

मी क्रेट घेतला. चढले, बसले, उतरले. साल्विनाच्या जिन्यात पोचले तेव्हा त्याने दुसऱ्यांदा कडी वाजवली होती.

"नहातेय!"

"सगळेच नहातायत?" लिप्पू म्हणाला.

"शनिवार आहे," फादर म्हणाले. "उद्या चर्चला यायचं असेल."

"पण वर मस्सूच्या चड्ड्या दिसतायत. मस्सू तर वारला."

"कापड चांगलं असेल," फादर म्हणाले. गोझोच्या माणसाला हे लगेच कळतं.

मग ते माझ्या दाराशी आले. मीही कशीबशी माझ्या दाराशी आले, आतून. दार उघडलं तेव्हा मी घामाने निथळत होते आणि केसात गच्चीचा चुना होता.

"मावशी, काय झालं?"

"नहात होते."

फादरनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तो चुन्याने पांढरा झाला, आणि म्हणाले, "इतकी स्वच्छ गल्ली मी पाहिली नाही. मूर्ती इथूनच जाईल."

त्या संध्याकाळी मी रेडिओ बंद करायला घराघरातून फिरले. साल्विनाकडचा बंद करताना हात जरा थांबला. घर थोडा वेळ बोलत होतं, ते बरं वाटलं होतं. मग बंद केला.

सणाचा बेत सोपा होता. मूर्ती वरून गल्लीत शिरते. पहिलं घर लिप्पूच्या बापाचं, मग सुयांच्या बहिणी, मग साल्विना, सगळ्यात खाली मी. मूर्ती फार हळू उतरते. वरच्या घरातून कागद टाकायचा, गच्चीवरून खालच्या घरात, तिथून टाकायचा, असं करत मूर्तीच्या आधी माझ्या गॅलरीत पोचायचं आणि हाकेला उभं राहायचं. लिप्पूच्या बापाचं घर मी सोडणारच होते, पण पहिलीच गॅलरी मुकी राहिली तर मूर्ती वाहणारे तिथूनच मागे फिरतील अशी मला भीती होती. पोती घराघरांत वाटून ठेवली तेव्हा माझ्यासाठी फक्त तळातला मूठभर कागद उरला. म्हटलं, असू दे. मला कुठे कागद उधळायचाय. मला फक्त 'आहे' म्हणायचंय.

बँड वाजायला लागला. मी वरच्या गच्चीवरून वाकून पाहिलं. सान पांक्रात चौदा वर्षांचा पोरगा, गोरे गाल, हातात पामची फांदी. सगळं बेट त्याला खालून बघतं. वरून त्याच्या डोक्यावर रंगच नव्हता. नुसतं लाकूड, आणि त्यात कपाटाला असतो तसा एक लोखंडी हुक. त्याला वरून कोणी बघेल हे मूर्तिकाराच्या मनातही आलं नसावं. मला एकदम त्याच्याबद्दल काहीतरी वाटलं. पण वेळ नव्हता. मी आत धावले आणि गॅलरीची झडप उघडून अख्खं पोतं उलटं केलं.

लाल-पांढरा ढग खाली गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि टाळ्यांच्या मधून लिप्पूची किंकाळी आली.

"आमच्या घरात कोण घुसलंय?"

मी खाली बसले. पटकन, दोन्ही गुडघ्यांवर, झडपेच्या आड.

"हा तोनिनाचा पोरगा असणार! मला माहीतच होतं, त्याने ताबा घेतला! फादर, तुम्ही साक्षीदार आहात! थांबवा मूर्ती!"

"मूर्ती उतारावर आहे, थांबत नाही," कोणीतरी वाहणारा ओरडला, "बाजूला हो बेडकांच्या!"

मग लिप्पू दारावर तुटून पडला. दारावर डझनभर कुलपं, त्यातलं एक त्याचं स्वतःचं. ते उघडलं. बाकीची उघडेनात. तो एकेका कुलपाला त्याच्या मालकाच्या नावाने शिव्या देत होता, त्यामुळे सगळ्या घराण्याची ओळख परेड झाली. मिरवणुकीत त्यांतले बरेच जण हजर होते. तेही धावून आले आणि आपापलं कुलूप शाबूत आहे का बघायला लागले. "तू उघड आधी!" "मी का, तू उघड!" बँड मात्र वाजत राहिला. आमचा बँड भांडणात थांबत नाही, नाहीतर त्याला कधी वाजवताच आलं नसतं.

मी उठायला गेले आणि गुडघा अडकला.

मी फरशीवर होते, एका मेलेल्या माणसाच्या गॅलरीत. डोळ्यासमोर झडपेची फट. तिच्यातून फक्त समोरच्या हॉटेलची भिंत दिसत होती. बँडचा आवाज खाली खाली जात होता. सुयांच्या बहिणींच्या घराखाली आला असेल. तिथून कागद नाही. आता साल्विनाच्या. तिथूनही नाही. पोती तिथे भरलेली पडली आहेत आणि टाकायला कोणी नाही. मी गुडघ्याला बुक्क्या मारल्या. विनवण्या केल्या. मग सान पांक्रातला सांगितलं, बाबा रे, जरा हळू.

खालून एकदम "आ!" असा आवाज उठला, कागद पडला की उठतो तसा. मग परत एकदा, जरा खालून. मग साल्विनाचा आवाज, ती दर वर्षी मोस्ताहून बसने येते: "माझ्या घरातून! अरे देवा, मस्सूने टाकला! जिवंतपणी खुर्चीतून हलला नाही मेला!"

मला काही कळेना. माणसं आहेत असं मी खोटं सांगितलं होतं, आणि आता ती खरंच होती.

आणि मग ती हाक आली. गल्लीच्या पार टोकाकडून, माझ्या घराखालून. एक नाही, पाच-सहा आवाज.

"ए कासवांच्या! अजून आहेस?"

मी तोंड उघडलं. वर लिप्पूच्या बापाच्या गॅलरीतून 'आहे' ओरडले असते तर खाली दारावरचे सगळे वारस वर बघणार होते, आणि पुढच्या वर्षी या गल्लीत मिरवणूक नाही, पोलीस आले असते. मी तोंड मिटलं.

"चेन्सा! ए कासवांच्या!"

 गॅलरी रिकामी आहे हे बघणाऱ्यांच्या गप्पपणाचा आवाज मला इथपर्यंत आला. कोणीतरी म्हणालं, "गेली की काय?" साल्विना म्हणाली, "सांगितलं असतं कोणीतरी." मग कोणी, "कोण सांगणार?"

तेवढ्यात माझ्या गॅलरीतून एक आवाज आला. तो आवाज गेली कित्येक वर्षं मी फक्त टाकीशी बोलताना ऐकला होता.

"आहे! संडासात आहे! संताच्या भीतीने!"

बँडमधलं ट्रॉम्बोन बंद पडलं, मग सगळा बँड. मी मान लांब करून फटीतून पाहिलं तेव्हा खाली उतारावर, सान पांक्रातच्या लाल झग्यावर, त्या न रंगवलेल्या डोक्यावर, निळा कागद पडत होता. निळा! आमच्या सणाला! कुणीतरी छातीवर क्रूस काढला.

"जुदिता? तू?" साल्विना ओरडली.

"मग कोण? तुमच्या चेन्साने सगळा कागद वरच उधळला, खाली एक मूठ ठेवली. तुमचा संत माझ्यासमोरून भुकेला जाऊ देऊ?"

"सुंदर," फादर आंजलूंचा आवाज आला, "जणू आभाळच खाली आलं." ते गोझोचे. त्यांना रंगांचं काही माहीत नव्हतं.

कोणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. आणि मग खालून एकदम ओरडा उठला, माझ्यासाठी उठतो तसाच, कदाचित जास्तच:

"ए मांजरांच्या! तूही आहेस होय अजून?"

 जुदिताचं तोंड कसं झालं होतं ते मला दिसलं नाही. मी फरशीवर होते. पण खूप वेळाने, बँड पुन्हा सुरू व्हायच्या जरा आधी, ती म्हणाली, "आहे." अगदी हळू. टाकीशी बोलतात तेवढंच.

माझी हाक ती घेऊन गेली. मी तिथे बसून गुडघा सुटायची वाट बघत राहिले. सुटला तेव्हा लोक शेवटच्या बसला निघून गेले होते.

लिप्पूने दुसऱ्याच दिवशी वकील गाठला. वारसांमध्ये आता एक नवीन दावा चालू आहे: संतावर कागद कोणी टाकला. तोनिनाचा पोरगा शपथेवर सांगतो की त्या संध्याकाळी तो पार्किंग शोधत होता. साल्विनाला लिप्पूने विचारलं, "परत आल्यावर कसं वाटतंय?" तिला वाटलं, तो सणापुरतं विचारतोय. म्हणाली, "छान, पण चप्पल चावते." आणि पुढच्या वर्षी मूर्ती आमच्याच गल्लीतून न्यायची असा ठराव लिप्पूने स्वतः मांडून मंजूर करून घेतलाय. जो कोणी घुसतो त्याला तो रंगेहाथ पकडणार आहे. त्याने वाहणाऱ्यांना सांगितलं, पायऱ्या काय, बंदरात उतरावं लागलं तरी उतरायचं.

सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी झाडू घेऊन खाली उतरले. पायऱ्यांवर घोट्याएवढा कागद. लाल, पांढरा, निळा, सगळा एकमेकांत मिसळलेला. बारवाल्याच्या उशांखालीसुद्धा.

"काही लोकांकडे माझा निळा कागद आहे," वरून आवाज आला. माझ्या गच्चीच्या कठड्यावर जुदिता कोपरं टेकून उभी होती. टाकी तिच्या मागे, दूर होती. "आमचा सण ऑगस्टात आहे. परत पाहिजे. सगळा."

"तुमचा संत येतो कुठे आता तुझ्या गल्लीत?"

"ते माझं मी बघीन. तू कागद दे."

तेव्हापासून पोतं माझ्या गॅलरीत आहे आणि मी रंग वेगळे करते. निळे इकडे, लाल तिकडे. दुपारी कोटावरची तोफ उडाली की जुदिता गच्चीवरून येते, समोरच्या खुर्चीत बसते आणि मी लबाडी करत नाही ना ते बघते. कॉफी फार गोड करतेस म्हणते. मस्सूच्या चड्ड्या अजून का टांगल्यात म्हणते. एकदा म्हणाली, "कासव कुठलं तुझं, गोगलगाय आहेस." सूर्य कोटाच्या मागे गेला की उठते, टाकीला पाणी आलं का बघायचं असतं, म्हणते, आणि भिंत चढून जाते. तिलाही मी एक क्रेट दिलाय.

ती गेली की घर परत गप्प होतं. समोर पायऱ्यांवर उशा पडतात, गाजराची दारू येते. मी वेचलेल्या निळ्या ढिगातून दोन मुठी उचलते आणि लाल कागदात परत मिसळते. सढळ हाताने, तळापर्यंत.

काल जुदिता म्हणाली, "हे पोतं काही भरत नाही."

मी म्हटलं, "कागद आहे. दबतो."

तिने पोत्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हं," म्हणाली, आणि कॉफीचा पेला पुढे केला. "साखर कमी."